शिवणवर्गानंतरचा रकाना

तालुक्याच्या सभागृहात प्रमाणपत्र वाटपाचा कार्यक्रम होता. हार, बॅनर, भाड्याच्या खुर्च्या आणि पाहुण्यांची वाट बघण्यात गेलेले दोन तास, सगळं नेहमीसारखंच. आमच्या वस्तीतल्या बायकांचा शिवणकामाचा सरकारी कोर्स संपला होता. एकेकीला मंचावर बोलावायचं, कागद हातात द्यायचा, फोटो काढायचा, की पुढची. बायका गोळा करून देण्याचं काम आमच्या गटानं केलं होतं, म्हणून मी पुढच्या रांगेत बसलेली. कार्यक्रम संपला, चहा झाला, तेव्हा वस्तीतली एक बाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन टेकली. वय चाळिशीच्या आसपास. म्हणाली, "ताई, हे माझं तिसरं. आधी शिवणाचं, मग पार्लरचं, आता परत शिवणाचं. याची फ्रेम करू का चूल पेटवू?"

ती हसत होती. मला काही हसता येईना. कारण तिन्ही वेळा तिचं नाव यादीत घालणाऱ्या आम्हीच होतो.

घरी आल्यावर मी गटाच्या जुन्या वह्या काढल्या. आमचा गट गेली कित्येक वर्षं वस्तीत काम करतो. मारहाणीच्या तक्रारी, रेशनकार्ड, पोटगी, पाणी, आणि मधूनमधून 'बायकांना काहीतरी शिकवा' म्हणून शिवणवर्ग. वह्या नीट ठेवलेल्या. नाव, वय, जात, शिक्षण, नवऱ्याचं काम, हजेरी, सही किंवा अंगठा. किती मीटर कापड लागलं तेही लिहिलेलं. फक्त एक रकाना कुठल्याच वहीत नव्हता: पुढे काय झालं? सरकारला जाब विचारायला आपण नेहमी पुढे असतो. आपल्याच वहीत हा प्रश्न नव्हता, ही कबुली आधी देते आणि मग बाकीचं सांगते.

आम्ही चौघी-पाचजणींनी ठरवलं, जुन्या याद्या घेऊन घरोघर जायचं. दोन महिने लागले. काही जणी गाव सोडून गेलेल्या, काही वारलेल्या. ज्या भेटल्या त्यांच्यापैकी फारच थोड्या शिवून पैसे मिळवत होत्या. त्यातही पुरा ब्लाउज शिवणाऱ्या कमी. फॉल-बिडिंग, काजं-बटणं, पिशव्या, नगावर पैसे देणाऱ्या दुकानदाराचं काम. एकीनं मशीन सासऱ्याच्या दवाखान्यापायी विकलं. एकीच्या मशीनवर टीव्ही ठेवलेला होता. "बाजारात गाऊन एवढ्या स्वस्तात मिळतो, माझ्याकडे शिवायला कोण येतं?" असं एकीनं विचारलं, आणि अर्थशास्त्राच्या कुठल्याही प्राध्यापकानं इतक्या थोडक्यात सांगितलं नसतं. ज्या खरोखर पगारावर कामाला लागल्या होत्या, त्या एमआयडीसीत पॅकिंगला, कंत्राटदाराकडे. तिथे शिवणाच्या कागदाचा काही संबंध नव्हता.

एका घरात बारावी झालेली मुलगी भेटली. तिला वीजतंत्रीचा, म्हणजे इलेक्ट्रिशियनचा कोर्स करायचा होता. ती चौकशीला गेली तेव्हा खिडकीवरच्या माणसानं सांगितलं, "मुलींसाठी शिवण आहे, कॉम्प्युटर आहे." त्यानं खोटं सांगितलं असंही म्हणता येत नाही. जागा आहेत एवढंच त्यानं सांगितलं, कोणत्या जागा मुलींना बंद आहेत हे सांगितलं नाही. आणि खरं तर एकही बंद नव्हती. महाराष्ट्रातल्या सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव असतात, जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री, सगळ्याच व्यवसायांत. हे त्या मुलीला माहीत नव्हतं. तिच्या आईला नव्हतं. मलाही नेमकं माहीत नव्हतं.

मग आम्ही माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. ज्या मैत्रिणींनी अजून केला नसेल त्यांच्यासाठी सांगते, फार अवघड नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, साधा कागद. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, त्यामुळे मनातला सगळा राग त्यात मावत नाही, हे एका परीनं बरंच. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आम्ही विचारलं होतं की मागच्या पाच वर्षांत प्रत्येक व्यवसायात किती मुलींनी अर्ज केले, किती जणींना प्रवेश मिळाला, किती जणींनी कोर्स पुरा केला, किती जणींना शिकाऊ उमेदवारी मिळाली आणि वर्षभरानं किती जणी कामावर होत्या. यात जातवार आणि गाववार फोड मागितली. कुणाचंही नाव मागितलं नाही.

उत्तर आलं: माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.

हे वाक्य आता मला पाठ झालंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मात्र आम्ही गप्प बसलो. गटातली एक वकील मैत्रीण म्हणाली, संकलित नाही ना, मग असंकलित बघू. कायद्यानं कागदपत्रांची पाहणी करण्याचा हक्क दिलेला आहे आणि पहिला तास फुकट असतो. आम्ही तिघी वही-पेन्सिल घेऊन त्या कार्यालयात गेलो. तिथला कारकून चांगला माणूस निघाला. त्यानं रजिस्टरांचा गठ्ठा समोर ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, इतकी वर्षं मी हे भरतोय. वाचायला पहिल्यांदाच कुणी आलंय."

रजिस्टरमध्ये बरंच काही होतं. ज्या व्यवसायांच्या वर्गात पुरुषच असतील असं आपण धरून चालतो, तिथे काही मुलींनी अर्ज केलेले होते. काही आत गेल्या होत्या. पण पहिल्या सहामाहीतच गळाल्या होत्या आणि गळतीचं कारण लिहायचा रकाना प्रत्येकीपुढे एकाच शब्दानं भरला होता: 'घरगुती'. आम्ही त्यातल्या काही मुलींना जाऊन भेटलो. एकीची प्रात्यक्षिकाची पाळी संपायची तेव्हा गावची शेवटची एस.टी. गेलेली असायची. आठवड्यातून दोन दिवस भाऊ मोटरसायकलवर घ्यायला यायचा, तो कामाला लागला आणि हिचं शिक्षण संपलं. दुसरीनं कार्यशाळेकडच्या संडासाला कडी नव्हती म्हणून दिवसभर पाणी प्यायचं सोडलं होतं. तिसरीचं लग्न ठरलं होतं, ते मात्र खरंच घरगुती. तीन वेगळी कारणं, तीन वेगळे उपाय, आणि रजिस्टरात एकच शब्द. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट झालं, त्याचा उपयोगही झाला. पण नसलेल्या गाडीचं अर्धं तिकीट कुठून काढायचं? एस.टी.चं वेळापत्रक ही सार्वजनिक माहिती आहे आणि कार्यशाळेचं वेळापत्रक हीसुद्धा सार्वजनिक माहिती आहे. दोन्ही कागद एका टेबलावर शेजारी ठेवले की ही मुलगी का गळाली ते दिसतं. ते ठेवणं हे कुणाच्याच कामात येत नाही.

आमच्या गटातल्या एक ज्येष्ठ कार्यकर्त्या या सगळ्यावर वैतागल्या होत्या. त्यांनी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन मोर्चे काढलेत, बलात्काराच्या कायद्यासाठी रस्त्यावर उतरल्यात. त्या म्हणाल्या, "आकड्यांच्या नादाला लागलीस तू. बाई म्हणजे आकडा नव्हे. आणि आकडे सरकारचे, आपण कशाला त्यांच्या खेळात शिरायचं?" त्यांचा मुद्दा मी हलका मानत नाही. पण त्यांना मी आपल्याच चळवळीची गोष्ट आठवून दिली.

भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करायला सरकारनं १९७१ साली एक समिती नेमली. अध्यक्ष फुलरेणू गुहा, सदस्य-सचिव वीणा मजुमदार. १९७४ च्या अखेरीस 'टुवर्ड्स इक्वॅलिटी' हा त्यांचा अहवाल आला आणि सगळ्यांना हादरा बसला. तो हादरा कुठल्या भाषणाचा नव्हता. त्या समितीनं जनगणनेचे, कारखान्यांचे, शाळांचे आकडे शेजारी शेजारी मांडले होते. हजार पुरुषांमागे बायका कमी होत चालल्यात, कामावरच्या बायकांचं प्रमाण घटतंय, कापड गिरण्या, ताग, खाणी यांतून त्या बाहेर फेकल्या जातायत. हे सगळे आकडे आधीपासून सरकारी कपाटातच होते. एके काळी मुंबईच्या गिरण्यांत साधारण दर पाच कामगारांत एक बाई असे, वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत तर त्यांचाच भरणा. मुंबई सरकारचं 'लेबर गॅझेट' १९२१ पासून निघत होतं. गिरणीतून बाई दिसेनाशी होत गेली ती काही गुपचूप नव्हे, महिन्या-महिन्याला छापून. नवं यंत्र आलं की ते शिकायला कोणाला पाठवायचं हा प्रश्न गिरणीत विचारला जाई, आणि त्याचं उत्तर ठरलेलं असे. म्हणजे प्रशिक्षणाचा हा प्रश्न आजचा नाही.

आणखी एक गोष्ट. १९९१ च्या जनगणनेच्या आधी स्त्रीसंघटनांनी आणि अभ्यासक स्त्रियांनी आग्रह धरला की 'तुम्ही काम करता का' असं विचारलं तर आपली बाई 'नाही, घरीच असते' म्हणते, आणि ती दिवसभर खुरपत असते. त्या वर्षी प्रश्नात शेतीवरच्या किंवा घरच्या धंद्यातल्या बिनमोबदला कामाचाही समावेश करावा, असे शब्द घातले गेले. एका प्रश्नातले चार-सहा शब्द. पण ते शब्द घालायला लावणं हेसुद्धा आंदोलनच होतं. १९८८ साली इला भट्ट यांच्या आयोगाचा 'श्रमशक्ती' अहवाल आला, त्यानंही हेच सांगितलं की घरात बसून विड्या वळणारी, पापड लाटणारी, काजं करणारी बाई सरकारच्या नजरेला पडत नाही. आणि पुण्यात १९९३ साली उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत घ्या. कचरावेचक बायकांनी आपण किती कचरा उचलतो, त्यामुळे महापालिकेचा किती खर्च वाचतो याचा हिशेब मांडला आणि त्या हिशेबाच्या जोरावर ओळखपत्रं मिळवली, आरोग्यविम्याचा हप्ता महापालिकेला भरायला लावला. बाई म्हणजे आकडा नव्हे हे खरंच. पण जिचा आकडा नाही तिच्यासाठी अंदाजपत्रकात पैसाही नसतो.

आता सरकारी पाहणीतल्या एका बारीकशा जागेकडे तुमचं लक्ष वेधते, कारण आमच्या शिवणवर्गाचं मूळ मला तिथे सापडलं.

देशात काम कोण करतं, बेकार कोण आहे, हे मोजणारी राष्ट्रीय नमुना पाहणी असते. त्यात प्रत्येक माणसाला एक सांकेतिक अंक मिळतो. घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी राबणारीला २१, ती 'कामगार' धरली जाते. फक्त घरकाम करणारीला ९२. आणि घरकामाबरोबर लाकूडफाटा, भाजीपाला, गुरांचा चारा गोळा करणारी, घरच्यांसाठी शिवणारी, विणणारी असेल तर ९३. या ९२ आणि ९३ वाल्या बायका श्रमबाजाराच्या बाहेर. सरपणाचा भारा डोक्यावर घेऊन येणारी बाई हिशेबात 'काम न करणारी'. २०११-१२ च्या पाहणीपर्यंत या बायकांना आणखी एक प्रश्न विचारला जायचा: घरात बसून करता येईल असं काम मिळालं तर कराल का? कोणतं? खेड्यांतल्या सुमारे एक तृतीयांश बायका म्हणाल्या, करू. आणि कोणतं, तर शिवणकाम आणि दूधदुभतं ही उत्तरं वरचढ होती.

झालं! योजना आखणाऱ्यांनी याचा अर्थ काढला, बायकांना शिवणकाम आवडतं. म्हणून शिवणवर्ग, म्हणून मशीनवाटप, म्हणून निवडणुकीच्या आधी आणखी मशीनवाटप. पण प्रश्न नीट वाचा. तिला विचारलं होतं घरात बसून काय कराल. म्हणजे तान्हं मूल मांडीवर, सासूचं औषध तीन वाजता, पाणी येतं साडेचारला, हे सगळं तसंच ठेवून काय कराल? त्यावर ती म्हणाली शिवण. तिनं आवड सांगितली नव्हती, घरात राहून जेवढं जमेल तेवढं सांगितलं होतं. तोच आकडा दुसऱ्या बाजूनं वाचला तर तो पाळणाघराची मागणी आहे. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनं हेच दुसऱ्या तऱ्हेनं दाखवलं. घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, आणि जे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटं. पाच तास म्हणजे कुठल्याही प्रशिक्षणकेंद्राची एक अख्खी पाळी. हे मोजायची सुरुवात सरकारनं १९९८-९९ साली सहा राज्यांत केली, महाराष्ट्र त्यांत नव्हता. त्याच्या कितीतरी आधी, सत्तरच्या दशकात, देवकी जैन यांनी बायकांचा दिवस तासातासानं लिहून काढला होता.

मी म्हणते, वस्तीत शिवणवर्ग घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा. माझं शिवणाशी वैर नाही, माझी आई शिवूनच आम्हाला वाढवायची. पण तो 'मागणीनुसार' घेतला असं म्हणू नये. मागणी आपण विचारलीच नव्हती.

अलीकडे एक आकडा सारखा ऐकू येतो. पंधरा वर्षांवरच्या बायकांचं श्रमबाजारातलं प्रमाण २०१७-१८ च्या पाहणीत शंभरात २३.३ होतं, ते २०२३-२४ मध्ये ४१.७ झालं. व्यासपीठावरून सांगितलं जातं, बघा, बायका कामाला लागल्या, कौशल्य योजनांचं फळ. आकडा खोटा नाही. पण त्याच अहवालाची पुढची पानं उलटा. खेड्यांतल्या कामकरी बायकांत दर चौघींतल्या जवळपास तिघी 'स्वयंरोजगारात' आहेत, आणि या स्वयंरोजगारवाल्यांत निम्म्याहून जास्त जणी घरच्या शेतीत वा धंद्यात बिनपगारी मदतनीस, म्हणजे आपली २१ नंबरवाली. ती आता मोजली जातेय हे चांगलंच. तिच्या हातात पैसा आला असं मात्र तो आकडा म्हणत नाही. आणि रीतसर व्यवसायशिक्षण घेतलेल्यांचं प्रमाण याच पाहण्यांत शंभरात पाचाच्या आतच राहिलंय, बाई-पुरुष दोन्ही धरून. मग फळ कशाचं? शेतीतून पुरुष बाहेर पडले आणि बाईवर ती पडली, हेही एक उत्तर असू शकतं. आपापल्या गावात पाहून ठरवा.

कौशल्य योजनांच्या हिशेबाबद्दल आता सरकारच्याच हिशेबतपासनीसानं बोललंय. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ साली सुरू झाली. तिच्यावरचा महालेखापालांचा, म्हणजे कॅगचा, अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेपुढे आला. त्यात म्हटलंय की बहुसंख्य प्रशिक्षणार्थींच्या नोंदीत बँक खात्याच्या रकान्यात शून्यं आहेत किंवा काहीच नाही. एकच फोटो अनेक नावांपुढे लावल्याची उदाहरणंही त्यात आहेत. ते वाचताना मला आमच्या सभागृहातला फोटो आठवला. आमच्या बायका तरी खऱ्या होत्या!

'प्लेसमेंट' हा शब्दही तपासून घ्या. नेमणुकीचा कागद मिळाला की प्लेसमेंट झाली असं मानतात. ती बाई तिसऱ्या महिन्यात तिथे आहे का, तिला किती पगार मिळतो, त्याच कामाला शेजारच्या पुरुषाला किती मिळतो, हे त्यात येत नाही. १९७६ च्या समान वेतन कायद्याखाली मालकाला नमुना 'ड' मध्ये एक नोंदवही ठेवावी लागे, त्यात कामाच्या प्रकारानुसार बायका किती, पुरुष किती, कोणाला काय वेतन, हे लिहायचं. १९५९ च्या एका कायद्यानं पंचवीस आणि त्याहून जास्त कामगारांच्या आस्थापनांना दर तिमाहीला सेवायोजन कार्यालयाकडे बायका-पुरुषांची संख्या कळवायचं बंधन होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि हे जुने कायदे त्यांत विरघळले. त्या जुन्या नोंदवह्या आपण कधी मागून बघितल्या? मी तरी नाही. कायदा होता तेव्हा त्यातला सगळ्यात कामाचा कागद आपण वापरलाच नाही, आणि आता नव्या संहितांखालच्या नोंदी बायका-पुरुष वेगळ्या दाखवतात की नाही यावर आपण डोळा ठेवला नाही तर पुढची चाळीस वर्षंही तशीच जातील.

एका भीतीबद्दल बोलायला हवं. आपण माहिती मागतो म्हणजे कुणाची मागतो? परित्यक्ता, विधवा, एकट्या राहणाऱ्या बायकांची नावं-पत्ते-फोन भलत्या हातात गेले तर काय होतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. वस्तीतल्या एका मुलीचा नंबर प्रशिक्षणाच्या यादीतून बाहेर गेला आणि तिला महिनाभर फोन येत राहिले. म्हणून नाव न मागण्याचं आम्ही पहिल्या अर्जातच ठरवलं होतं. मात्र या भीतीचा आधार घेऊन दार बंद होतंय हेही खरं. २०२३ च्या व्यक्तिगत माहितीच्या कायद्यानं माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललं, आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आला. आधी अधिकाऱ्याला दाखवावं लागे की मागितलेल्या व्यक्तिगत माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही. आता ती 'व्यक्तिगत' आहे एवढं म्हटलं की त्याचं भागतं. सार्वजनिक हिताचं कलम ८(२) शिल्लक आहे, ते लक्षात ठेवा. आणि आपल्याला हवेत ते एकूण आकडे. ते कुणाचेच व्यक्तिगत नाहीत. शिवाय कायद्याचं कलम ४ तर म्हणतं की अशी माहिती कुणी न मागताच कार्यालयानं लावून ठेवायची.

पण आकडा 'महिला' एवढ्याच नावाखाली घेतला तर त्यातही फसगत आहे. आमच्या तालुक्यात ब्यूटी पार्लरच्या कोर्सला कोण बसलं आणि 'हाउसकीपिंग'च्या कोर्सला कोण बसलं हे मी रजिस्टरात पाहिलं. जातीचा रकाना नसता तर मला ते कळलं नसतं, आणि कळल्यावर आश्चर्यही वाटलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हातात झाडू दिला त्यांच्या मुलींच्या हातात तोच झाडू आता प्रमाणपत्रासकट दिला जातोय. कागदावर दोघीही 'प्रशिक्षित महिला'. तेव्हा मागायचं तर फोडीसकट मागा: व्यवसाय, जात, गाव, अपंगत्व, एकटी आहे का. या फोडीशिवाय आलेली माहिती मी तरी परत पाठवीन.

१९९४ साली राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी मजदूर किसान शक्ती संगठननं पहिली जनसुनवाई घेतली. दुष्काळी कामांची हजेरीपत्रकं गावासमोर मोठ्यानं वाचली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी ऐकून सांगितलं की हे नाव मेलेल्या माणसाचं, ही बाई कामावर कधी आलीच नाही. माहितीच्या अधिकाराची चळवळ अशा वाचनांतून वाढली. आम्हीही शेवटी तेच केलं. रजिस्टरातून उतरून आणलेले आकडे तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आणि समाजमंदिरात एका संध्याकाळी वाचले, नावं वगळून. प्रशिक्षण संस्थेच्या लोकांनाही बोलावलं होतं. ते आले, हे त्यांच्या बाजूनं नोंदवते. 'घरगुती' हा शब्द वाचला तेव्हा मागून एक म्हातारी म्हणाली, "संडासाची कडी घरगुती कशी गं?" साहेबांनी मान खाली घातली. कडी पंधरा दिवसांत बसली. एस.टी.च्या वेळेचं अजून झालेलं नाही. आगाराला दोन निवेदनं दिली आहेत, आता आगारप्रमुखांकडे पन्नास बायका घेऊन जाणार आहोत. संकलित माहितीसाठीचं पहिलं अपील झालं, तिथेही तेच उत्तर मिळालं, म्हणून दुसरं केलंय. ज्येष्ठ ताई त्या संध्याकाळी शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "तक्ता जरा मोठा करा, मागून दिसत नव्हता."

ज्या गटांना आमच्या अर्जाचा मसुदा हवा असेल त्यांनी कळवावं. दीडशे शब्दांत बसवलेला आहे. आणि तुमच्या तालुक्यातून जे हाती येईल ते आम्हाला पाठवा, कोरं उत्तर आलं तरी पाठवा. दहा तालुक्यांतून 'संकलित नाही' हेच उत्तर आलं तर मंत्रालयात ठेवायला तोही एक तक्ता होईल.

आमच्या वहीत आता नवे रकाने आहेत. सहा महिन्यांनी काय, वर्षानं काय, किती मिळतात, कुणाच्या हातात जातात. घरोघर जाऊन ते भरायचं काम तीन प्रमाणपत्रंवाल्या बाईंनी मागून घेतलंय, आणि गट त्यांना त्याचे पैसे देतो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्याकडे तक्रार केली की एक रकाना राहिलाय. त्यांनी तो स्वतःच पट्टीनं आखून घेतला आणि वर लिहिलं: 'हिला कोणता कोर्स पाहिजे होता.' त्यांच्या स्वतःच्या नावापुढे तिथे 'ड्रायव्हिंग' असं लिहिलंय.